हौसेला मोल असते

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने रूढ केली त्याने घरखर्चाची वही बहुधा कधी लिहिली नसावी. हौसेला मोल असते आणि ते रुपया-आण्यांत लिहून काढता येते. ते लिहिल्याने हौस कमी होत नाही, उलट जरा शहाणी होते, असा माझा अनुभव आहे. आणि हौस फुटबॉलची असेल, तीही परदेशी जाऊन विश्वचषकाचे सामने पाहण्याची, तर हे लिहिणे फारच गरजेचे.

कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉलची एवढी हौस कशी, हे बाहेरगावच्या वाचकांना थोडे सांगायला हवे. कुस्तीच्या या गावात फुटबॉलचे संघदेखील तालमींच्या नावाने ओळखले जातात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावे ऐकून पाहुण्यांना आखाडा आठवतो, पण ही मंडळी शाहू स्टेडियमवर एकमेकांशी भिडतात ती चेंडूवरून. त्या दिवशी जावईसुद्धा सासरच्या पेठेत जपून बोलतो. विश्वचषक आला की याच पेठा ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटल्या जातात. गल्लीच्या तोंडाशी फलक लागतात, पताका लागतात, आणि ज्यांनी कधी मुंबईच्या पलीकडे प्रवास केला नाही ते रिओ आणि ब्युनॉस आयर्सच्या वतीने कडाकडा भांडतात. पूर्वी हे सारे टीव्हीपुरते होते. ‘आपण जाऊ या का?’ हा प्रश्न कुणाला सुचतही नसे. २०१८ मध्ये रशियाच्या वेळी तो काही घरांत निघाला, आणि २०२२ मध्ये स्पर्धा कतारला, म्हणजे मुंबईहून विमानाने चार तासांच्या आत पोहोचता येईल अशा ठिकाणी, भरली तेव्हा तो नोकरदारांच्या, दुकानदारांच्या साध्या घरांतूनही विचारला गेला. आमच्याही.

नातेवाइकांचा पहिला शेरा ठरलेला असतो. “मॅच बघायला एवढे पैसे? घरात टीव्हीवर दिसतेच की!” हेच नातेवाईक लग्नात तीन दिवसांच्या मांडवावर आणि कुणी न वापरणाऱ्या आहेराच्या साड्यांवर काय खर्च करतात, ते आपण विचारत नाही. नऊ दिवसांत सात देश दाखवणाऱ्या सहलीला जाऊन आलेल्या माणसाला “चित्रांत दिसतो की आयफेल टॉवर” असे कुणी म्हणत नाही. मग फुटबॉलवाल्यानेच मान खाली का घालावी? विश्वचषकाला जाणे ही चैन आहे, हे कबूल. चैन करावी. माझे म्हणणे एवढेच, की तिचा हिशेब घरातल्या सगळ्यांसमोर व्हावा, आणि तो जाण्याआधी व्हावा. आल्यानंतर होतो त्याला हिशेब म्हणत नाहीत, भांडण म्हणतात.

आमचा हिशेब मी २०२२ च्या ऑगस्टात मांडला. माणसे दोन: मी आणि अकरावीतली मुलगी, जी स्वतः फुटबॉल खेळते आणि आमच्या घरात ऑफसाइडचा नियम जिला पूर्ण कळतो अशी एकटीच आहे. साखळीतल्या सामन्याचे परदेशी प्रेक्षकाला मिळणारे सर्वांत स्वस्त तिकीट ६९ डॉलरचे होते. तीन सामने, दोघांचे मिळून ४१४ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने तेहतीस हजार रुपये. हा आकडा पाहून मी खूश झालो, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. तिकीट परवडते म्हणजे स्पर्धा परवडते असे वाटू लागते. पुढच्या ओळी लिहायला घेतल्या तेव्हा पेनाचा वेग मंदावला. विमानाचे माणशी बेचाळीस हजार, दोघांचे चौऱ्याऐंशी. खोली पाच रात्री, रात्रीला दोनशे डॉलर धरून एकोणऐंशी हजार. जेवणखाण अठरा हजार. कोल्हापूर-मुंबई जाणे-येणे पाच. विमा आणि कार्डावरचे परदेशी आकार मिळून सहा. जर्सी, आठवणीच्या वस्तू आणि शेजाऱ्यांसाठी खजूर, बारा. एकूण दोन लाख सदतीस हजार.

त्यात सामन्यांचे तेहतीस. शंभरातले चौदा रुपये. ज्यासाठी जायचे त्याला चौदा, आणि तिथे असण्याला शहाऐंशी! कुठल्याही देशात कुठल्याही स्पर्धेला जायचे असले तरी हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवावे. तिकिटात हजार-दोन हजार वाचवायला रात्री जागणारे लोक खोलीचा आणि विमानाचा विचार शेवटी करतात, आणि खरा पैसा तिथेच जातो.

मी वही सौ.समोर ठेवली. तिने ती नीट वाचली. बेरीज बरोबर आहे म्हणाली. मग विचारले, “अहो, यात माझी भिशी धरली आहे का?”

धरली होती. दोन लाख सदतीसपैकी साठ हजार तिच्या भिशीचे होते, ते मी ‘घरातील शिल्लक’ या गोंडस नावाखाली लिहिले होते.

“तीन माणसांच्या घरातले पैसे दोन माणसांनी खर्च करायचे, आणि तिसऱ्याने घर राखत बसायचे. हे कोणत्या रकान्यात लिहिलं आहे?”

मी म्हणालो, तुला फुटबॉलमध्ये गोडी नाही. ती म्हणाली, “मला कुणी विचारलं का?”

खरेच विचारले नव्हते. हे मी मुद्दाम सविस्तर सांगतो आहे, कारण खेळाच्या सहलींचे अंदाजपत्रक आपल्याकडे जवळजवळ नेहमी पुरुष मंडळी मांडतात. मित्रांचा कंपू ठरवतो, बाप आणि मुलगा ठरवतात, आणि घरातल्या बाईच्या वाट्याला येतो तो डबा भरून देणे आणि परतल्यावर मळक्या जर्सी धुणे. जो गेला नाही त्याचा खर्च कुणी लिहीत नाही. त्याने काय सोडले, त्याच्या नावावर वर्षभर काय पुढे ढकलले गेले, हा आकडा वहीत येतच नाही. तो आला तर कित्येक सहली रद्द होतील, आणि काही, आमच्यासारख्या, बदलतील.

आमची बदलली, आणि ती सुद्धा तिच्यामुळेच. तिचा मामेभाऊ दहा वर्षे दोहाला नोकरी करतो, हे मला ठाऊक होते. पण तो माझ्या हिशेबात ‘तिकडचे नातेवाईक’ म्हणून होता, ‘राहण्याची सोय’ म्हणून नव्हता. कतारने त्या वेळी ‘हय्या’ नावाचे ओळखपत्र काढले होते. तिकीट आणि राहण्याचा पत्ता दाखवला की ते मिळे आणि तेच व्हिसाचे काम करी. तिथल्या रहिवाशाला आपल्या पाहुण्यांची नावे आपल्याच पत्त्यावर नोंदवता येत. मामेभावाने आमची तिन्ही नावे नोंदवली. नवा हिशेब असा झाला: तिघांची तीन-तीन तिकिटे, कार्डाच्या आकारासह एक्कावन्न हजार, विमान एक लाख सव्वीस, मुंबईपर्यंतचा प्रवास सहा, बाहेरचे खाणे-फिरणे पंधरा, विमा तीन, जर्सी वगैरे नऊ, आणि यजमानांसाठी न्यायच्या वस्तू चौदा हजार. एकूण दोन लाख चोवीस. दोघांपेक्षा तिघे तेरा हजारांनी स्वस्त पडलो. तेव्हापासून वहीची बेरीज मी करतो आणि मांडणी ती करते.

यजमानांच्या चौदा हजारांवर एक शब्द. परदेशातल्या नातेवाइकाचे घर म्हणजे फुकटची धर्मशाळा नव्हे. त्या विश्वचषकाच्या महिन्यात दोहातल्या कित्येक मराठी घरांत गावाकडून आठवत-आठवत फोन आले असतील, ज्यांनी दहा वर्षांत कधी ‘कसा आहेस’ विचारले नव्हते त्यांचेही. आम्ही चार रात्रींच्या वर राहायचे नाही असे आधीच कळवले. कांदा-लसूण मसाला, भडंग, घरची लोणची, त्यांच्या मुलांना कपडे घेऊन गेलो, आणि एका रात्री सगळ्यांना बाहेर जेवायला नेले. हे खर्च अंदाजपत्रकात आधी लिहिले की हात आखडत नाही. न लिहिता गेले की प्रत्येक वेळी पाकीट काढताना तोंड वाकडे होते, आणि ते यजमानाला दिसते.

आता सामने कोणते पाहायचे, याविषयी. इथे माझे मत ठाम आहे आणि आमच्या पेठेत ते कुणाला पटत नाही. मोठ्या नावांच्या मागे लागू नये. आम्हांला मिळाले ते असे: २७ नोव्हेंबरला बेल्जियम-मोरोक्को, २८ ला दुपारी कॅमेरून-सर्बिया आणि त्याच संध्याकाळी ब्राझील-स्वित्झर्लंड. तिसऱ्याचे तिकीट मिळाले तेव्हा गल्लीत पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. नेमार दिसणार! पहिली दोन कळल्यावर लोक सहानुभूतीने बघत होते. प्रत्यक्षात काय झाले? नेमार सर्बियाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात घोटा दुखावून बसला आणि आमच्या सामन्यात मैदानावर आलाच नाही. ब्राझीलने ८३ व्या मिनिटापर्यंत आमचा अंत पाहिला, मग कासेमिरोने एकच गोल केला आणि लोक घरी गेले. उलट ज्याला ‘कुणी का बघेल’ म्हणत होते त्या कॅमेरून-सर्बियाच्या सामन्यात सहा गोल झाले. सर्बिया ३-१ ने पुढे असताना अबुबकर बदली खेळाडू म्हणून आला, त्याने गोलरक्षकाच्या डोक्यावरून अलगद चेंडू टाकला, आणि तीन मिनिटांत पुन्हा गोल होऊन ३-३ झाले. आमच्या मागे बसलेले कॅमेरूनचे कुटुंब, आजी धरून, बाकावर उभे होते. त्या आजीने आमच्या हिला मिठी मारली. ऑफसाइड दोघींनाही कळत नव्हता.

आणि मोरोक्को! अल थुमामा स्टेडियमवर लाल रंगाचा असा पूर मी पाहिला नव्हता. बेल्जियमकडे चेंडू गेला की कानठळ्या बसतील अशा शिट्ट्या. त्या दिवशी मोरोक्को २-० ने जिंकले, आणि पुढे उपांत्य फेरीत जाणारा आफ्रिकेतला पहिला संघ ठरले. ६९ डॉलरला आम्ही इतिहासाचे पहिले पान पाहिले, तेव्हा ते तसे आहे हे माहीत नव्हते एवढेच. साखळीतला सामना अंतिम सामन्यापेक्षा कितीतरी स्वस्त असतो. कतारच्या अंतिम सामन्याचे सर्वांत महाग तिकीट १,६०७ डॉलरचे होते, आणि परदेशी माणसाला मिळणारे सर्वांत स्वस्त ६०४ चे. तेवढ्यात साखळीतले आठ सामने बसतात. मुलांना घेऊन जाणाऱ्या घराने तर दुसरा विचारच करू नये. साखळीच्या दिवसांत हरलेलाही उद्यासाठी उभा असतो, गावात सगळ्या देशांचे लोक असतात, आणि मन:स्ताप कमी असतो.

मन:स्तापाचे उदाहरण जवळचेच आहे. पलीकडच्या गल्लीतला एक तरुण, कट्टर ब्राझीलवाला, त्याने १३ डिसेंबरच्या लुसैल स्टेडियमवरील उपांत्य सामन्याचे तिकीट आधीच घेऊन ठेवले. गणित सरळ होते: ब्राझील येणारच. तिकीट ३५७ डॉलर, म्हणजे एकोणतीस-तीस हजार, विमान ऐन गर्दीतले, राहणे वेगळे. हे सारे वैयक्तिक कर्ज काढून, चोवीस हप्त्यांत. ९ डिसेंबरला क्रोएशियाने पेनल्टीवर ब्राझीलला घरी पाठवले. याचे विमान दोन दिवसांनी होते. तो गेला, आणि ज्या अर्जेंटिनाच्या नावाने आयुष्यभर बोटे मोडली त्या अर्जेंटिनाचा ३-० विजय लाखभर रुपये खर्चून पाहून आला. पुढे अर्जेंटिनाने विश्वचषक जिंकला, २०२४ च्या जुलैत कोपा अमेरिका जिंकली, तरी याचे हप्ते चालूच होते. गल्लीला हसायला विषय मिळाला. त्याच्या आईला मात्र हसू आले नाही; दोन दिवाळ्या त्या घरात जरा हात राखूनच झाल्या. ऋण काढून सण करू नये हे आपल्याला पाठ आहे, पण हल्ली ऋण इतक्या गोड आवाजात फोनवरून चालत येते की ते ऋण आहे हे हप्ता सुरू होईपर्यंत कळत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण कोलकात्याचे आहे. तिथल्या एका वृद्ध दांपत्याची गोष्ट वर्तमानपत्रांतून पुष्कळांनी वाचली असेल. नवरा बंदर-खात्यातून निवृत्त झालेला. १९८२ च्या स्पेनपासून २०१८ च्या रशियापर्यंत या जोडीने सलग दहा विश्वचषक पाहिले. धनिक घर नव्हे. चार वर्षे पेन्शनमधून पैसे बाजूला टाकायचे, गेले की पुन्हा शून्यापासून सुरुवात. मला त्यांच्या फुटबॉलप्रेमाचे कौतुक आहेच, पण त्याहून जास्त कौतुक वाटते ते ‘दोघे’ या शब्दाचे.

दोन विश्वचषकांमध्ये चार वर्षे असतात, म्हणजे अठ्ठेचाळीस महिने. महिना पाच हजार आवर्ती ठेवीत टाकले तर व्याज सोडून दोन लाख चाळीस हजार होतात. आमची सगळी सहल त्यात बसते. पाच हजार प्रत्येक घराला सोपे नाहीत, हे मला कळते. ज्यांना दोनच हजार जमतात त्यांनी आठ वर्षांनी जावे, किंवा जवळची स्पर्धा निवडावी. त्यात कमीपणा नाही. पण यात एक खाच आहे. आपण साठवतो रुपये आणि खर्च होतात डॉलर. २०२२ च्या जानेवारीत डॉलर चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर रुपयांना होता, ऑक्टोबरात ब्याऐंशीच्या वर गेला. एका वर्षात, काहीही न करता, सहल दहा टक्क्यांनी महागली. म्हणून एकूण रकमेवर दहा-बारा टक्के वरकड धरलेच पाहिजेत. सहल-कंपनीकडून सगळे एकत्र घेणाऱ्यांनी परदेशी सहलीवर आधीच कापला जाणारा कर विचारून घ्यावा. तो पुढे प्राप्तिकरात वळता होतो, पण जाताना खिशातून जातोच, आणि त्याचे दर २०२३ पासून बदलत आले आहेत.

स्पर्धा कोणत्या देशात आहे यावर तर निम्मे अंदाजपत्रक ठरते. रशियाने २०१८ मध्ये तिकीटवाल्यांना ‘फॅन आयडी’वर व्हिसाविना घेतले आणि स्पर्धेच्या शहरांमध्ये रेल्वेने फुकट नेले. कतारची आठही स्टेडियम एका शहराच्या आसपास होती आणि मेट्रो फुकट. म्हणूनच आम्ही २८ तारखेला दुपारी अल वक्राच्या बाजूला एक सामना बघून संध्याकाळी दुसऱ्या टोकाला, कंटेनर रचून बांधलेल्या ९७४ स्टेडियमवर वेळेत पोहोचू शकलो. २०२६ ची स्पर्धा मात्र तीन देशांतल्या सोळा शहरांना दिली गेली. व्हँकुव्हर आणि मायामी यांच्यात साडेचार हजार किलोमीटर! २०२५ च्या सप्टेंबरात तिकीटविक्री सुरू झाली ती ६० डॉलरपासून अंतिम सामन्याच्या ६,७३० डॉलरपर्यंत, आणि मागणीप्रमाणे दर बदलतील असे सांगून. दिवाळीत पुण्याहून गावी जाणाऱ्या खासगी बसचे भाडे ज्यांनी भरले आहे त्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको. तिकीट परत विकायचे तर घेणाऱ्याकडून पंधरा टक्के आणि विकणाऱ्याकडून पंधरा टक्के. शिवाय तिकीट म्हणजे व्हिसा नव्हे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाच्या अर्जाची फी २०२३ मध्ये १८५ डॉलर झाली, नाकारला तरी ती परत मिळत नाही. म्हणजे नुसत्या अर्जाच्या पैशांत दोहाला आम्ही अडीच सामने पाहिले होते. आमच्या घरी २०२६ चा विषय निघाला आणि वहीच्या अर्ध्या पानातच मिटला. मुलीने स्वतःच पान दुमडले.

कतारच्या स्वस्ताईबद्दल मात्र एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती चकाचक मेट्रो आणि ती स्टेडियम ज्यांनी उभारली त्यांत आपल्याकडचे, नेपाळचे, बांगलादेशाचे मजूर होते. तिथे किती माणसे दगावली यावरून जगभर वाद झाला. स्टेशनाबाहेर मोठा फोमचा हात घेऊन रस्ता दाखवणाऱ्या एका पोराशी आम्ही हिंदीत बोललो. तेलंगणाचा होता. सामना पाहिलास का विचारले, तर म्हणाला, “आवाज सुनते हैं.” त्या रात्री आम्ही ब्राझीलबद्दल फारसे बोललो नाही.

ज्यांना परदेशाचा पल्ला आज झेपत नाही त्यांनी घराजवळ रंगीत तालीम करावी. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्याच देशात झाला. नवी मुंबईत आणि मडगावला सामने होते, आणि भारताच्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. २०२२ मध्ये मुलींचा झाला, त्याचा अंतिम सामना नवी मुंबईलाच. मुलीला घेऊन मी पहिला सामना पाहिला तो तिथे. गर्दीत मूल कसे वागते, दोन तास उन्हात बसवते का, आपल्याला बाहेरचे खाणे सोसते का, हे सगळे एका दिवसाच्या भाड्यात कळून येते. असे न करता एकदम समुद्र ओलांडणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले काही दुसऱ्या दिवसापासून हॉटेलात टीव्हीवर सामने पाहतात.

आता २०३०. स्पर्धा स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोत आहे. पहिले तीन सामने तेवढे दक्षिण अमेरिकेत. स्पेन-पोर्तुगालला एकच शेंगेन व्हिसा चालतो, मोरोक्कोचा वेगळा. स्पर्धा जून-जुलैत, म्हणजे आमच्याकडे शाळा-कॉलेजे नुकती उघडलेली आणि शेतीवाल्यांची पेरणीची घाई. हेही हिशेबात घ्यावे लागेल. मुलगी म्हणते लिस्बन. मला मनातून स्पेन हवे आहे, पण युरोपात खोलीचे काय होईल या विचाराने मी अजून बोललेलो नाही. सौ. मोरोक्कोवर अडून बसली आहे. “त्या शिट्ट्या त्यांच्याच घरी ऐकायच्या आहेत,” म्हणते. ठेवीचे खाते यंदा तिघांच्या नावावर उघडले. बँकेतल्या मुलीने फॉर्मवर ‘ठेवीचा उद्देश’ विचारला, तेव्हा मी ‘शिक्षण’ म्हणणार होतो. हिने माझ्या आधीच सांगितले, “फुटबॉल.”